सुनंदाचे दहापैकी दहा

३ जून, मंगळ.
ह्यांची साखर आज बरी. धाकट्या जाऊबाईंचा खोकला हटत नाही. नातीचा ताप उतरला, मुंबईहून फोन आला. माझा गुडघा... असो, चालतोय.
महाडच्या समुपदेशन केंद्रावर आज माझा वार, दुखऱ्या माणसांचं ऐकून घ्यायचा. नेहा, संशोधन करणारी पोर, नवा कागद घेऊन आली. "काकी, आपली पद्धत आलेल्या माणसाला मधोमध ठेवणारी. मग आपलं ऐकलं गेलं का, हेही त्यालाच विचारायचं. संशोधनातून हेच पुढं येतंय." आलेल्यानं आपल्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. शी! माणूस डोळे पुसतोय आणि आपण त्याच्यापुढं गुणपत्रिका धरायची? किळस आली.

१७ जून, मंगळ.
कापडे गावची सुनंदा तिसऱ्यांदा आली. नवरा जाऊन चार महिने. दीर म्हणतो मुंबईला चल, हिचा जीव शेतात. रडली. मीही रडले. पाठीवर हात फिरवला, म्हटलं, "जा गो बाय, एकटीनं कसे दिवस काढशील?" कागदावर पुन्हा दहा. माझ्यासमोरच लिहिले. मनातून सुखावले, खोटं कशाला लिहू.

२४ जून, मंगळ.
सुनंदा आली नाही. परतताना पोलादपूर स्टँडवर तिची शेजारीण भेटली.
"ती गेली दिराबरोबर."
"भाताची लावणी तोंडावर असताना?"
"काकी पन तेच सांगतात म्हनाली, आता कोनाला विचारू? माया करतात, पन माझं ऐकत नाय."
"मग दहा कशाला दिले?"
"तुमच्यासमोर बसून कमी देईल? वाढणारीच्या तोंडावर भाजी अळणी हाय म्हनतं का कोन?"
शिसारी आली. कागदाची नव्हे, माझीच. सल्ला द्यायचा नाही, हा पहिला धडा. पुस्तकं वाचून पाठ केलेला. आणि मी...

१ जुलै, मंगळ.
नेहाला सगळं सांगितलं. वाटलं, आता घरी बसवणार. तर म्हणते, "काकी, हेच लिहून द्या. इथं दहा म्हणजे काय, आम्हाला कुठं ठाऊक होतं?" यापुढं कागद ऐकणारीच्या माघारी भरून पेटीत टाकायचा. बरं झालं. पण सुनंदाला याचा काय उपयोग?
शेजारणीकडून पत्ता घेऊन पत्र टाकलं. शेवट इथं उतरवते:
"तुला कुठं राहायचंय, हे मी एकदाही विचारलं नाही. आज विचारते. काहीही सांग, मधे बोलणार नाही. तुझं शेत अजून लावायचं राहिलंय. लवकर लिही गो."