सहाव्या डब्याची साक्ष

प्रिय ढेकळा,

प्रयोगशाळेच्या दारावरच्या पाटीवर तुझ्या नावापुढे कोणतीही पदवी असो, ज्या मुलीच्या फ्रॉकच्या खिशांतून तिची आई रोज संध्याकाळी ढेकळे काढत असे, तिला मी दुसऱ्या नावाने हाक मारू शकत नाही. पत्राचा हेतू शेवटी सांगेन. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना आधी पुरावा आणि मग निष्कर्ष हा क्रम मी मोडला नाही. या वयात तो मोडण्याचे कारण दिसत नाही.

प्रथम वार्ता. सोमवारची मोजणी पार पडली. सकाळी ठीक दहाला शेताच्या सहाही तुकड्यांवर तुझे पत्र्याचे डबे पालथे घातले, अर्ध्या तासाने रबरी बुचातून सुई घालून आत साठलेली, मातीने सोडलेली हवा सिरिंजमध्ये ओढली आणि कुप्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. मी गुडघे टेकून हे करत असताना तुझी आई छत्री घेऊन बांधावर उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "जमिनीला ताप आलाय का, ते बघताहेत." वर्गात ज्याच्यासमोर हसण्याची कोणाची छाती नव्हती, त्याचे दर सोमवारी भर बांधावर हसे होते, आणि मला ते आवडू लागले आहे, हे नमूद करतो.

आपला वाद सुरू झाला तो दोन वर्षांपूर्वी, गहू कापून झाल्यावर. उरलेले काड मी नेहमीप्रमाणे पेटवणार होतो; तू ते मातीत गाडायला सांगितलेस. माझा पूर्वपक्ष असा होता: जाळले तर कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, गाडले तर मातीतले जिवाणू काड खातात आणि वायू हवेतच सोडतात, सबब परिणाम एकच, मेहनत मात्र दुप्पट. त्यावर तू ताटावरून मान वर न करता म्हणालीस, "बाबा, तुम्ही एका दुपारचा धूर बघता, मी वर्षभराचा श्वास मोजणार आहे." तुझ्या आईने तुला आणखी वाढले, मला वाढायला ती विसरली.

पाच तुकड्यांत काड गाडून झाले. सहाव्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर बंद पडला आणि तू दोन दिवसांसाठी प्रयोगशाळेत गेलीस. परतलीस तेव्हा तो तुकडा काळा पडला होता. शेजाऱ्याच्या बांधावरून ठिणगी आली, असे मी तुला आणि त्यालाही सांगितले. तू म्हणालीस, "झालं ते झालं. जळालेलाही मोजू."

पहिल्या महिन्यात पाच डब्यांत भरपूर वायू, सहाव्यात नावापुरता. मी विजयाचे चार पानी पत्र धाडले. तुझे उत्तर एका ओळीचे: "बाबा, पंगत बसलेल्या घरात गलका असायचाच." ते मी तेव्हा वाक्चातुर्यात जमा केले. पण पुढे गलका ओसरला. आता पाच तुकड्यांतली माती मुठीत दाबून सोडली की मोकळी होते. सहाव्यात पाऊस पडला की पाणी वरच्या वर साचते. जिवाणूंच्या मोजणीचा तुझा कागदही हेच सांगतो. पाच तुकड्यांनी काडातला बराच कार्बन पोटात ठेवला. सहाव्याने आपला सगळा वाटा एका दुपारीच आकाशाला देऊन टाकला. माझ्या युक्तिवादात वेळ हा घटक नव्हता. हा हेत्वाभास मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे.

आता हेतू. तुझा शोधनिबंध येत्या गुरुवारी छापायला जाणार, त्यात एक वाक्य आहे: सहावा तुकडा शेजारच्या ठिणगीने जळाला. ते असत्य आहे. तू बसमध्ये बसलीस आणि जेवणाच्या ताटावर हरलेला मी काडेपेटी घेऊन शेतात गेलो. जुने आकडे शोधताना काल तुझी त्या आठवड्यातली नोंदवही उघडली. त्या दिवशीचा वारा आपल्याकडून शेजाऱ्याकडे वाहत होता, हे हवामान केंद्राच्या नोंदीवरून तू स्वतः उतरवले आहेस. त्या नोंदीपुढे पेन्सिलीचे एक प्रश्नचिन्ह आहे, खोडलेले, पण उजेडात धरले की दिसणारे. दोन वर्षे तुला माहीत होते आणि तू बापाची लाज राखलीस. ती आता राखू नकोस. माझ्या उल्लेखासह वाक्य दुरुस्त कर. शेजाऱ्याकडे आज सकाळीच जाऊन कबुली देऊन आलो. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "मास्तर, दोन वर्षं तुमच्या भीतीनं मी बिडी घरी ओढतोय." उद्या त्याचाच ट्रॅक्टर येतो आहे, सहाव्या तुकड्यात काड गाडायचे आहे, आणि डबा मीच पालथा घालणार आहे. गलका ऐकायला ये.

तुझाच,
सप्रमाण हरलेला आणि त्यामुळे फार आनंदात असलेला
बाबा