देवघरामागचा खटका

अव्वा,

आधी सगळं वाच, मग रड. अप्पांची दवाखान्याची फाईल न्यायला आलो तर तू मठात, तुझा फोन घरी. अँब्युलन्स दारात उभी हाय, त्यांना लातूरला नेऊन राहिलो. ऑक्सिजन लावलाय, बोलून राहिलेत.

गोकर्णला निघायच्या आधी आपल्या पलंगाच्या प्रवासगाडीत निजून बघा, असं मीच अप्पांना म्हणलो होतो. आज दुपारी गाडीच्या बॅटरीवर श्वासाचं मशीन लावून निजले. तासाभरात बॅटरी उतरली, मशीन बंद पडलं अन् त्यांचा श्वास अडकला.

गाडीची बॅटरी सारखी उतरते म्हणून महिनाभर मी दुकानदाराशी भांडून राहिलो. बॅटरी नवी घेतली, चार्जर बदलला, वायरी बदलल्या. आज गावातल्या दवाखान्यात बसून मोबाईलवर बॅटरीची नोंद बघितली. रोज सकाळी दहाला, मी कामाला गेलो की चार्जिंग बंद, अन् गाडीतला फ्रिज बॅटरी खाऊन टाकतो. संध्याकाळी सहाला, मी यायच्या आधी पुन्हा चालू. गाडीच्या चार्जिंगचा खटका तुझ्या देवघरामागं हाय.

त्यांना लांब न्यायची तुला भीती वाटत होती, तर मला म्हणायचं होतंस गं.

शेजारचा बजरंग तुला घेऊन येईल. अप्पांची शाल आण.

बॅटरीच खराब निघाली, असं मी अप्पांना सांगितलंय. तू पण तेच सांग.

अमरनाथ