वाक्य क्रमांक चौदा

प्रिय ठमाबाई,

हे कागदी पत्र पाहून तुला वाटेल, दादाचा फोन बिघडला. फोन ठणठणीत आहे, बिघाड मालकात आहे. सोमवारी तू प्रयोगशाळेत राजीनामा देणार, असं आईकडून कळलं. एकोणीस वर्षं लोकांच्या रक्ता-लघवीचे अहवाल पाकिटात घालून खिडकीतून देणारी माझी धाकटी बहीण आता पूर्णवेळ पटकथा लिहिणार! आई म्हणाली, "तू तरी सांग तिला, तुझं ऐकते ती." तेच तर दुखणं आहे. तू लहानपणापासून माझं ऐकत आलीस. बी गिळली की पोटात झाड उगवतं, हे मी तुला ठोकून दिलं, तर झाड वाढू नये म्हणून तू पाणी प्यायचं सोडलंस. मी पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवशी तू भोवळ येऊन पडलीस, तेव्हा कुठे माझं हसणं आटोपलं. बाबांना खरं कारण मी अजून सांगितलेलं नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत.

गेल्या वर्षीचा माझा तो लेख तुझ्या फ्रिजवर अजून चिकटवलेला आहे, बोगस चित्रपट महोत्सव ओळखण्याविषयीचा. त्यात मी काय काय तारे तोडले होते! महोत्सव दर महिन्याला भरत असेल तर तो महोत्सव नव्हे, दुकान. स्पर्धकांपेक्षा पारितोषिकं जास्त असतील तर चपला घालून निघावं. शेवटची तारीख नकोशा पाहुण्यासारखी 'निघतो, निघतो' म्हणत मुक्काम वाढवते. परीक्षकांची नावं गोपनीय. चित्रपट कुठल्या सभागृहात, कोणासमोर दाखवले, याचा एक फोटो सापडत नाही. फोटो फक्त मानचिन्हाचा, आणि तेही विजेत्यानंच विकत घ्यायचं. पत्त्यावर जाऊन पाहावं तर तिथे केस कापण्याचं दुकान. लेख गाजला. संपादक म्हणाले, "काय धुतलंत हो!" आणि मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो.

तू मात्र लेखावर हसून थांबली नाहीस. कात्रण समोर ठेवून, हातात पेन्सिल घेऊन बसलीस, आणि एकेका महोत्सवाला माझ्या खुणा लावून पाहिल्यास. पाच बाद झाले. सहावा पास झाला. परीक्षकांची नावं होती, सभागृहाचा फोटो होता, शेवटची तारीख जागची हलली नव्हती. तू पटकथा धाडलीस, आणि महिन्याभरात 'सर्वोत्कृष्ट पटकथा' म्हणून प्रमाणपत्र आलं. त्यावर परीक्षकांचा अभिप्राय होता : 'या लेखनात दुःख आवाज न करता खुर्ची ओढून शेजारी बसतं.' फोनवर तो तू मला दोनदा वाचून दाखवलास. "दादा, त्या माणसाला माझ्या मनातलं कसं रे कळलं?" मी म्हणालो, "वा!" बास, नुसतं वा. मेहुण्यांनी ते वाक्य चौकटीत बसवून जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीला लावलं. मी जेवायला आलो तेव्हा मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसलो. तुला वाटलं, मला वारा लागत नाही म्हणून मी जागा बदलली. तू उठून पंखा माझ्याकडे वळवलास. ताट अर्धंच टाकून मी भाजीत मीठ जास्त पडलंय म्हणालो. मीठ अगदी बेताचं होतं, ठमे.

आणखी एक. तुझी पटकथा वाचली, छान आहे, असं मी म्हणालो होतो. ती थाप होती. खरी वाचली ती काल. पहिली वीस पानं पसरट आहेत. तुझ्या खिडकीसमोरच्या रांगेतला एकूण एक माणूस तू आत घेतला आहेस, निम्मे परत पाठव. पण एकतिसाव्या पानावर मी थांबलो. बायकोचा अहवाल न्यायला आलेल्या म्हाताऱ्याला वाचता येत नाही. तो विचारतो, "बाई, पाकीट जड आहे का हो?" आत काय लिहिलंय ते ठाऊक असलेली खिडकीतली बाई पाकीट तळहातावर तोलते आणि म्हणते, "नाही, हलकंच आहे." म्हातारा खुशीत जातो. ती पुढच्या माणसाला हाक मारायला विसरते. असं एक पान मला पंचवीस वर्षांत लिहिता आलं नाही.

आता पाकीट उघडतो. माझ्या लेखात एक खूण मी गाळली होती, सगळ्यात सोपी : आपल्याला आलेला अभिप्राय दुसऱ्या विजेत्यांच्या अभिप्रायाशी ताडून पाहा, तेच वाक्य वीस जणांकडे सापडेल. गाळली, कारण ती वाक्यं माझी होती. माझं सदर बंद पडलं होतं त्या वर्षी, एका दुपारी तुझ्या त्या सहाव्या महोत्सववाल्याच्याच कचेरीत बसून मी चाळीस अभिप्राय क्रमांक घालून लिहून दिले, कुठल्याही पटकथेला बसतील असे. बाकीच्या खुणाही मला तिथेच दिसल्या. लेख वाचून त्यानं आठ दिवसांत सगळं दुरुस्त केलं, नावं नि सभागृह उसनं आणलं, आणि आभाराचा फोन केला. तुला आलेलं वाक्य क्रमांक चौदा. पण तेही माझं नाही गं. बाबा गेले त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात तू म्हणाली होतीस, "बघ ना दादा, दुःख आवाजसुद्धा न करता खुर्ची ओढून बसलंय." तू विसरलीस. मी तुझा हात धरायच्या ऐवजी वाक्य धरून ठेवलं. परीक्षकानं तुझ्या मनातलं ओळखलं नव्हतं, उचललं होतं. गाळलेली खूण माझ्या नावासकट लिहून संपादकांकडे दिली आहे. रविवारी छापून येईल. त्याआधी तू माझ्याकडून वाचावंस, म्हणून हे पत्र. सोमवारी राजीनामा देऊ नकोस. चौकट उतरव, प्रमाणपत्र फाड, वाक्य मात्र ठेव, ते तुझं आहे. बेल वाजवायचं धाडस नाही, म्हणून दाराखालून सरकवतोय. पाकीट जड आहे.

तुझाच, अजून दादा म्हणशील तर,
दादा