पाच जणांतला एक

स्टेट कॉलेज,
२ ऑक्टोबर २०२५

ती. सुलभाआजीस,
स्वानंदीचा शि. सा. न.

तुला आवडतं म्हणून हातानं लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

तुमच्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात तुझ्या थोरल्या भावाच्या, प्रल्हादआजोबांच्या, जन्मशताब्दीला मी बोलणार आहे. काल मंडळाच्या जगन्नाथकाकांचा फोन आला. एकनाथआजोबांचं नाव काढायचं नाही म्हणाले. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी भूमिगत झालेला भाऊ पंचावन्न साली परत आला आणि पोर्तुगीजांच्या कस्टममध्ये नोकरी करणाऱ्या धाकट्या भावानं त्याला पकडून दिलं, हे अशा समारंभात कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी जाम चिडले. माझे आजोबा ते! भावानं परत येऊ नये असं ते उघड म्हणायचे, हे खरं. पण विरोध करणं आणि पकडून देणं एकच का? बाबा तर विषय निघाला की उठून जातात.

त्या दिवशी घरात होतीस अशी आता तू एकटीच. खरं काय ते सांग.

तुझी,
स्वानंदी

पार्सिपनी,
९ ऑक्टोबर

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण लागलं. गुडघे बरे. जगन्नाथ म्हणतो तसंच कर. सत्तर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार? वेळेवर जेवत जा.

सुलभाआजी

स्टेट कॉलेज,
१५ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न.

रागावू नकोस. पोलिसांच्या जुन्या दफ्तरातली नोंद मागवली होती, ती आज आली. प्रल्हादआजोबा येणार ही कुणकुण त्यांना होती, पण चेहरा ठाऊक नव्हता. घरी एकदम पाच पुरुष आले, त्यातले ते कोणते हे पोलिसांना कळेना. दारात ज्याला दिव्यानं ओवाळलं, त्याला ताब्यात घेतलं, एवढंच लिहिलंय. एकनाथआजोबांचं नावसुद्धा नाही.

कुणी ओवाळलं, आजी?

स्वानंदी

पार्सिपनी,
२१ ऑक्टोबर

चि. स्वानंदीस आशीर्वाद.

मी ओवाळलं. चौदा वर्षांची होते. दादा तीन वर्षांनी घरी येत होता, बहिणीनं त्याला तसंच आत घ्यायचं? एकनाथ म्हणत होता, दिवा लावू नकोस, बाहेर अनोळखी माणसं उभी आहेत. मला वाटलं, याला दादाचं येणंच नको आहे. पाच जणांत मी एकाच्याच कपाळाला कुंकू लावलं. दादाला उंबऱ्यावरूनच नेलं. तो तुरुंगातच वारला.

गावानं दोष एकनाथला दिला. तो मला म्हणाला, तू पोर आहेस, तुला उभा जन्म काढायचाय, माझ्यावर राहू दे. मी राहू दिलं. लोक त्याच्या घरचं पाणी पीत नसत. शाळेत तुझ्या बाबाला पोरं हिणवायची. एकनाथ गेला तेव्हाही मी गप्पच बसले. लाज वाटते गं.

हे पत्र मंडळात वाच. माझं नाव गाळू नकोस. मी पुढेच बसेन. वाचताना माझ्याकडे बघू नकोस, मला उठून जावंसं वाटेल.

तुझ्या बाबालाही घेऊन ये. त्यानंतर दोघांचा लोभ उरलाच, तर कळव.

सुलभाआजी