देवीच्या वाट्यातला परतावा

३ ऑगस्ट
सकाळी बँकेचा मेसेज. इन्कमटॅक्सचा परतावा, साडेसात हजारांच्या वर. वाटलं चुकून आले. आपले रिटर्न भरणारे वकील, त्यांना फोन केला. "मॅडम, गावच्या देवस्थानाला चेक दिलात ना, त्याची सूट." आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. पैसे देवीला दिलेले. त्यातले सरकारने मला परत का द्यावेत?

५ ऑगस्ट
ह्यांचा नियम होता, पगार आला की दहावा हिस्सा बाजूला. आधी देवी, मग डाळतांदूळ. हे गेल्यावर माझ्या पेन्शनीतून मीही तसंच काढते. वर्षाचे साठले की पाकीट नि नारळ घेऊन उमरठच्या पुढे ह्यांच्या वाडीवर जायचं. गुरव ह्यांचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचा, मग दत्ताभावजींकडे, म्हणजे धाकट्या दिरांकडे जेवण. गेल्या खेपेला देवस्थान चालवणारं मुंबईकर मंडळ म्हणालं, रोख नको, चेक पोस्टाने पाठवा, सूट मिळते. पाठवला. त्या वर्षी वाडीवर जाणंच झालं नाही.

६ ऑगस्ट
हिशोब काही जमेना. दहातला एक दिला, त्यातला थोडा परत आला, म्हणजे एक पुरता दिलाच नाही. आलेले परत देवीला चेकने दिले, तर पुढच्या वर्षी त्यावरही सूट! मग तेही द्या. मारुतीचं शेपूट नुसतं. वकील हसले. "पुढच्या वर्षी नव्या करपद्धतीत या. सूटही नाही, डोकेदुखीही नाही." वकिलांना बोलायला काय जातंय.

९ ऑगस्ट
भावजींना फोन. "वयनी, त्यात काय यवढं? ऑनलाइन टाका की. पावसात कशाला येताय?"
म्हटलं, पण पैसे देवीचे की माझे, ते कोण ठरवणार?
भावजी म्हणाले, "कौल लावूया. देवी सांगंल."
मला तेच हवं होतं. बाजारात जाऊन नारळ आजच आणला. जायला आठवडा आहे अजून.

१७ ऑगस्ट
जाऊन आले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. लावणी उरकलेली, निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. देवळात मी, भावजी नि गुरव, एवढेच. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पैसे देवीचे, डावी पडली तर माझे. मग त्याने गाऱ्हाणं घातलं.
"आई, थोरल्या घरची सून तुज्या दारात आलीय. काय तो निवाडा दे."
थोरल्या घरची सून. किती दिवसांनी कुणी म्हटलं. रडूच आलं मला.
डावी पडली. फार वेळ लागलाच नाही.
"बगा वयनी, तुमचेच हायत! मिटला इषय." भावजी खूश, बिचारे. घरी नेऊन चहा केला. जाऊबाई मुंबईला मुलाकडे, त्यामुळे जेवणाचं कुणी विचारलं नाही. चारच्या एसटीने परत.

१८ ऑगस्ट
सुटल्यासारखं वाटायला हवं. राग आलाय. देवीचासुद्धा. बाई, घेतले असतेस तर काय बिघडलं असतं तुझं? दरवर्षी परतावा आला असता, दरवर्षी हाताने नेऊन दिला असता. आता कुठलं निमित्त काढू? मूलबाळ नाही, हे नाहीत. त्या वाडीवर माझं म्हणून एवढंच उरलं होतं, देवीचा वाटा पोचवणं. तोही आता फोनवरून जाणार म्हणे.

२१ ऑगस्ट
शेजारीण म्हणाली, साडी घ्या छानशी. घेऊन नेसून जाऊ कुठे?

२४ ऑगस्ट
सहीसाठी वकिलांकडे गेले होते. बोलता बोलता म्हणाले, परताव्यात सरकारचं व्याजपण धरलंय, दोनशे बारा रुपये.
मी खुर्चीत ताठच झाले. कौल लावला तो मुदलाचा. व्याजाचं कुठे विचारलंय देवीला?
एकदा विचारलेलं पुन्हा विचारत नाहीत, ठाऊक आहे. पण हे वेगळं. दोनशे बारा रुपयांसाठी जाऊन-येऊन पाचशे घालवणार म्हणून कुणी हसेल. हसू दे. मला जायचंय.
घरी आल्या आल्या भावजींना फोन लावला. दोनदा. उचलला नाही. शेतावर असतील, नाहीतर रेंज नसेल.
जेवून पुन्हा लावते.