सुजेची गोळी

७ जाने.
हॉस्पिटलातून घरी आलो. टाके दिसू नये म्हणून यांनी माकडटोपी घातली. प्रताप नगरच्या वळणावर ऑटोवाल्याले म्हणे, "हळू घे गा, डोक्यात आता जागा झाली आहे, आत सगळं हलून राहिलं." दोन वर्षांत पहिल्यांदा यांच्या तोंडून मस्करी ऐकली. मी ऑटोतच रडली. शीतल म्हणे, आई, आता काहून रडते, आता तं सुटलो ना. म्हणूनच रडून राहिली पोरी.
कपाळामागं लिंबाएवढी गाठ होती. साधी. कॅन्सरची नाही. रिपोर्ट पिशवीत आहे की नाही, रस्ताभर चाचपत होती.

८ जाने.
काल हॉस्पिटलातून निघताना डॉ. जे बोल्ले ते जात नाही डोक्यातून. गाठ बसली होती तिथून माणसाची आस्था चालते म्हणे. ती जागा दबली की माणूस थंड पडते. कोणाचं काही वाटत नाही त्याले.
आधी घरात कशाचाही आवाज बदलला की हे स्क्रू काढायचा पेचकस घेऊन हजर. टोक मशीनले, मूठ कानाले, डोळे मिटून ऐकत राहायचे. एसटीच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला, सवय. अन् दोन वर्षांपासून मिक्सर बोंबलते, हे समोर बसून चहा पितात.
अन् माही आई गेली तो दिवस. मी रडून राहिली, अन् हे टीव्हीसमोर ताट घेऊन बसले. भाजीत मीठ कमी आहे म्हणे.
ती गाठ होती? मी तं समजली, या माणसाले माह्याबद्दल कधी काही वाटलंच नाही. उभा संसार फुकट गेला. शीतलकडे राहायले जायचं पक्कं केलं होतं, बॅग माळ्यावरून काढली होती.
आज बॅग परत वर टाकली. इतकं हलकं वाटून राहिलं. गाठच होती मेली.

११ जाने.
हे रडतात! सिरियल पाहून रडतात, संत्रं सोलून दिलं तरी रडतात. आज माहा हात धरला, शीतलसमोर. म्हणे, "तू नसती तं माहं काय झालं असतं वं." असं लग्नाच्या पहिल्या वर्षीबी बोल्ले नव्हते. मी लाजून स्वयंपाकघरात पळाली.
मजा येऊन राहिली. खोटं कशाले लिहू.

१२ जाने.
मजेवर पाणी. शीतलनं गोळ्यांच्या पाकिटातला कागद वाचून दाखवला. सुजेसाठी जी गोळी चालू आहे ना, तिनं माणूस हळवं होऊ शकते. उगाच खुश, उगाच रडू. अन् ती कमी करत करत बंद होणार.
म्हणजे थंडपणा गाठीचा अन् माया गोळीची. मंग यांचं स्वतःचं काय?

१५ जाने.
नणंदबाई आल्या उमरेडहून, पहिल्या बसनं. यांनी त्यांच्याही गळ्यात पडून रडून घेतलं. नंतर त्यांले विचारलं मी, यांची खरी माया कोणती. त्या म्हणे, मेंदूचं सोड, माया आत असते, ती कुठं जात नाही. आत म्हणजे कुठं, ते त्यांलेबी सांगता येईना. चहा पिऊन विषय बदलला.
आम्ही आत्मा न मानणारे. सासऱ्यांनी इथंच नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून या घरात ते नाव नाही. हेच विहारात वंदना झाली की वाद घालायचे. इंजिन बंद तं गाडी बंद, मंग गाडीचा आत्मा कुठं गेला म्हणून डेपोत शोधते का कोणी? सगळे हसायचे. मीबी.
आता मलेच वाटून राहिलं की आत कोणी असावं. गाठ होती तेव्हाबी असावं, गोळी नसली तरी असावं. कोणाले सांगू हे. विहारातल्या बायांनी ऐकलं तं झालंच.

१८ जाने.
तपासणी. यांले बाहेर बसवून डॉ.ले विचारलं, अर्धी गोळी अशीच चालू ठेवली तं? हसले नाहीत, हे बरं केलं त्यांनी. साखर वाढते, हाडं झिजतात, मुळीच नाही म्हणाले. मंग जरा थांबून, "काकू, ही सुजेची गोळी आहे. आत असलेलं बाहेर काढते की नसलेलं आणते, ते मला खरंच सांगता येणार नाही."
घरी आल्यावर गोळ्यांचं जास्तीचं पाकीट तांदळाच्या डब्यामागं ठेवलं. उगाच. असू दे.

२२ जाने.
डोस उतरला. रडणं बंद. बोलणंबी आटलं. संत्रं सोलून दिलं, खाल्लं, खिडकीबाहेर पाहत बसले. हेच तोंड होतं दोन वर्षं.

२३ जाने.
पाकीट हातात घेऊन ओट्यापाशी उभी होती. यांचा चहा उकळून राहिला होता. नाही. शीतलले हाक मारली, पाकीट दिलं, म्हटलं हे दुकानात परत कर.
गोळीतून मिळालेली माया घेऊन काय करू मी? अन् तरी, रडले तेव्हा डोळे यांचेच होते ना.

२८ जाने.
परवाच गोळी पूर्ण बंद झाली. 
सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला. बोंबलला नेहमीसारखा. हे पेपर टाकून आले, मले बाजूले सारलं. बंद नको करू, म्हणे. ड्रॉवरमधून पेचकस काढला. टोक मिक्सरले, मूठ कानाले. डोळे मिटले.
"दांड्याचं बुश पुरतं घासलं आहे. कधीपासून आवाज येऊन राहिला?"
"दोन वर्षं झाली."
"अन् मले सांगितलं नाही? मशीनची वाट लावली." कपाळावर आठ्या, अस्सल डेपोतल्या. शिव्या खाऊन इतकं बरं कधी वाटलं नाही.
"तुमच्यासमोरच चालायचा रोज," मी म्हटलं.
मिक्सर मीच बंद केला. पेचकस यांच्या हातात तसाच.
"मंग मी कुठं होतो वं?"
मी चटणीचं भांडं उतरवून ठेवलं.
मंग म्हणे, "तुही आई गेली तेव्हाबी?" 
मी मान हलवली. रडले नाहीत. खाली फरशीवर बसले, मिक्सर उलटा केला, स्क्रू काढायले लागले. मी समोर बसून वाटी धरली, ते एकेक स्क्रू टाकत गेले.
विहारात विचारतो म्हणे पौर्णिमेले, कुठं होतो ते. विचारा म्हटलं. मलेबी ऐकायचं आहे.