चष्मेवाल्यांचं बॉनेट

प्रिय ठमे,

फोनवर तुला काही धड सांगता येत नाही. माझं एक वाक्य पुरं होईतो तुझी बस तरी येते, नाहीतर मैत्रीण तरी. म्हणून लिहायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, चार ओळी झाल्या की उठतेय, वर्कशॉपच्या शटरपर्यंत जाऊन येतेय, पुन्हा टेकतेय. हल्ली माझं चित्त थाऱ्यावर नाही. चहात साखर घातली की नाही ते आठवत नाही, म्हणून परत घालते आणि तो पाक नाक मुरडत पिते. सगळं सांगते, पण मला माझ्या चालीनं सांगू दे. हे वाचून तू माझ्याशी बोलणं टाकशील की काय, याची मला फार धास्ती वाटतेय, ते मात्र आधीच सांगून ठेवते.

कोपऱ्यावरचे चष्मेवाले तुला आठवतात ना? शाळेत तुझा पहिला चष्मा त्यांनीच केला होता आणि तू तो पाण्याच्या टाकीत पाडलास. त्यांची गडद निळी गाडी आहे. लोक वर्षातून एकदा पॉलिशला येतात, तेही शेजाऱ्याची गाडी चमकलेली बघून. यांची गाडी गेल्या वर्षापासून सारखी आपल्या दारात. दर खेपेला बॉनेटवर नवे ओरखडे. तुझे काका वर्कशॉपच्या पुढच्या भागात डेंट ठोकता ठोकता म्हणायचे, गिऱ्हाईक असावं तर असं. बाकीचे किल्ली देऊन कामाला निघून जातात. हे मात्र माझ्या स्टुलावर ठाण मांडून बसायचे आणि मी उभी. मग मीच दुसरं स्टूल आणलं. आणलं ते आणलं, वर त्यावर गादीही शिवून घातली. काकांनी विचारलं तर म्हटलं, माझी कंबर दुखते.

पॉलिशच्या मशीनला लावायच्या फोमच्या पॅडची माझी पोपटपंची तुला पाठ आहे. पिशवीतला सगळ्यात मऊ पॅड आधी. बॉनेटवर चिकटपट्टीने एक छोटा चौकोन आखायचा, त्यातच मशीन फिरवायचं, पुसायचं, दिवा तिरका धरून बघायचं. ओरखडे गेले नाहीत तरच त्याहून कडक फोम. अडाणी माणूस आधी कडक पॅड उचलतो, कारण चमक झटकन येते. पण तो पॅड ओरखड्याबरोबर रंगही खातो, आणि रंग काही केसांसारखा परत वाढत नाही. हे मी तुला सांगायला लागले की तू डोळे फिरवायचीस. तुझे बाबा तर पॉलिशला गाडीला पावडर लावणं म्हणायचे, आणि ते गेल्यावर त्याच पावडरीवर आपलं घर चाललं. चष्मेवाले मात्र विचारायचे. एवढा जाड फोम का, मधे भोक कशाला, धुतल्यावर पिळायचा की नाही. अगं, मी बोलत सुटायचे! घरी आल्यावर लक्षात यायचं, की आज आपला घसा बसलाय. तू शिकायला गेल्यापासून घरात घसा बसण्याइतकं बोलणं होतच नव्हतं.

आता त्या दिवसाचं ऐक. पॅड नव्या कंपनीचे आले होते. जुन्या कंपनीचा केशरी पॅड मधला, ना मऊ ना कडक. नव्या कंपनीचा केशरी म्हणजे सगळ्यात कडक. रंगावर जाऊ नका, अंगठ्याने दाबून बघा, असं मीच साऱ्या जगाला सांगत असते. पण चष्मेवाले सांगत होते, की जेवताना ते रेडिओ मोठ्याने लावतात, म्हणजे स्वतःच्या चावण्याचा आवाज येत नाही. ते हसतच सांगत होते. मला काही हसू आलं नाही. ऐकता ऐकता पिशवीत हात घातला, केशरी पॅड मशीनला लावला आणि थेट बॉनेटच्या उंचवट्यावर फिरवला. ना दाबून बघितलं, ना चौकोन आखला. मशीन उचललं तर पॅडवर निळं! वरचा पारदर्शक थर जाऊन खालचा रंग पॅडला लागला की समजायचं, गाडीचं कातडं गेलं. नखाएवढा डाग पडला होता. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं, तर सगळ्या बॉनेटवरचा थरच कागदासारखा पातळ झालेला. किती वेळा घासलं होतं ते!

आता सांगणं भाग होतं. सांगितलं, की माझ्या हातून रंग जळलाय, माझ्या खर्चाने बॉनेट नव्याने रंगवून देते. वाटलं, आता तोंडसुख घेतील. तर या गृहस्थांचा चेहरा खुलला! म्हणजे गाडी बरेच दिवस इथेच राहणार का, आणि रंग झाल्यावर पुन्हा पॉलिशला आणावीच लागेल ना, असं विचारू लागले. रंग जळल्यावर आनंदलेलं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घाण फडक्याने पडलेले ओरखडे दिव्याभोवती गोल जाळ्यासारखे दिसतात. यांचे कायम सरळ, आखूड, एकाच जागी. आणि जो माणूस भिंगं पुसायला लोण्यासारखं मऊ फडकं वापरतो, तो गाडीला खरखरीत चिंधी लावेल होय? मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं! कान लालबुंद झाले, आणि स्वतःहूनच सांगून टाकलं. भांडी घासायच्या घासणीने ते बॉनेट घासायचे. यायला काहीतरी निमित्त नको का, म्हणाले.

ठमे, माझा असा संताप झाला! कौतुक वगैरे राहिलं बाजूला. मी पाठ मोडून जे लख्ख करायचे, त्यावर हा बाबा घासणी फिरवायचा? मशीनचा प्लग उपटला आणि सांगितलं, पुन्हा या दारात येऊ नका. ते गेले. रागावून नाही गं, खाली मान घालून. मग काय, मी दिवसभर पॅड धुतले. धुतलेलेच पुन्हा धुतले. काम करताना रिकाम्या स्टुलाकडे लक्ष जायचं, म्हणून ते उचलून मागे नेलं, तर जागा आणखीच रिकामी दिसायला लागली. मशीन बंद झालं की इतकं शांत व्हायचं, की मी ते उगाचच चालू करायचे. शेवटी स्वतःवरच चिडले आणि त्यांच्या दुकानात गेले, भांडण पुरं करायला. भांडलेही. घासणी का, सरळ चहाला यायला काय पाय मोडले होते का, असं जोरात विचारलं. ते म्हणाले, चहाला तुम्ही नाही म्हटलं असतंत, गाडीला नाही म्हणत नव्हतात. खरंच होतं ते. मी नाहीच म्हटलं असतं. मग त्यांनी विचारलं. गाडीचं नाही, लग्नाचं.

तुझी परवानगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, ठमे. मी हो म्हणून बसलेय. तिथल्या तिथे, तुला न विचारता, काकांना न विचारता. काका कालपासून माझ्याशी बोलत नाहीयेत. या वयात लोक काय म्हणतील, एवढंच म्हणाले. त्यांचा फोन आज ना उद्या तुला येईल, आणि त्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. लोकांचं मी बघून घेईन गं. पण तू नको म्हणालीस तर माझं काय होईल, ते मला माहीत नाही. तरीही मी नाही म्हणायला परत जाणार नाही, हेही खरं. बाबांच्या जागी कुणी येत नाहीये. ती जागा तशीच आहे, रोज दिसते मला. मला फक्त जेवताना समोर माणूस हवंय. चिड, रड, हवं तेवढं भांड, पण अबोला धरू नकोस. तुझा अबोला मला सोसवणार नाही.

तुझीच, आणि हो म्हटल्यानंतरही सगळ्यांत आधी तुझीच,
आई